बिट पुसणारा हात

पृथ्वीपासून चारशे किलोमीटर वर, 'टिटवी' नावाच्या उपग्रह-दुरुस्ती स्थानकात उरणच्या रेणुका तांडेल सात वर्षं सोल्डरिंग करत होत्या. त्यांनी मारलेला सांधा म्हणे सूर्य विझला तरी सुटायचा नाही. असं सांगणाऱ्यांत त्या स्वतःच पुढे असत. आता त्यांना घरी जायचं होतं, पण बदली माणूस मिळेना. म्हणून डॉक्टर केळुसकर हस्तसंक्रमण यंत्र घेऊन आले.

"कौशल्य म्हणजे मज्जातंतूंच्या गाठी," ते म्हणाले. "यंत्र एकेक गाठ सोडवून वाचतं आणि यांत्रिक हातात मारतं. सोडवलेली गाठ तुमच्याकडे उरत नाही. आणि एका हाताचं वाचन एकदाच. दुसऱ्यांदा केलं तर हात लुळा पडतो."

"म्हणजे मी सोल्डरिंग विसरणार."

"साफ. पण पुढच्या यानाने उरणला."

रेणुकाताई तयार झाल्या. केळुसकरांनी आधी त्यांचं काम घड्याळ लावून पाहिलं. दर तीन सांध्यांनंतर ताई सोल्डरिंग आयर्नचं टोक, म्हणजे बिट, ओल्या स्पंजवर पुसत आणि त्याला ताजं कथील लावत. तासाला अकरा मिनिटं यातच जात. तेवढं वगळा, असं डॉक्टरांनी यंत्राला सांगितलं.

"अहो, कल्हई उडाली की पितळेत आमटी कळकते, तसंच आहे हे," ताई म्हणाल्या. "कोरडं बिट काळं पडतं, आणि काळ्या बिटाला कथील धरत नाही."

"ही सवय आहे ताई, कौशल्य नाही. तंबाखू मळण्यासारखी."

घर जवळ दिसत होतं. ताईंनी हात यंत्रात ठेवला.

पहिल्या दिवशी यांत्रिक हाताने नऊशे सांधे मारले. ताईंनी सामान बांधलं. दुसऱ्या दिवशी दुपारी बिट कोळशासारखं झालं आणि कथील त्यावरून अळूवरच्या पाण्यासारखं घरंगळू लागलं. केळुसकरांनी उष्णता वाढवली. मग, शहाणा माणूस, कानस घेऊन बिट घासलं. वरचा लोखंडी थर गेला, आतलं तांबं कथलाने कुरतडून खाल्लं. दुसरं बिट त्यांनी कथील न लावता नुसतं पुसपुसून वाया घालवलं. उरलं एकच, आणि हवा शुद्ध करणाऱ्या पंपाची सर्किट-पाटी अर्धवट उघडी.

ताईंनी वैतागून ते बिट ओढून घेतलं. हात आपोआप फिरला: हलकं पुसणं, वर कथलाचा पातळ थर. बिट चांदीसारखं झालं. हुरूप येऊन त्यांनी एक सांधा मारून पाहिला, तर पाटीवर नुसता गोळा पडला. जे वगळलं होतं, नेमकं तेवढंच त्यांच्या हातात शिल्लक होतं.

त्यांनी पुसायचं, यंत्राने तीन सांधे मारायचे. संध्याकाळपर्यंत पंप सुरू झाला. मग केळुसकर यानाच्या प्रवाशांची यादी घेऊन आले. ताईंचं नाव खोडलेलं होतं.

"तुमच्याशिवाय हा हात चालत नाही, ताई."

"मग हेही काढून घ्या."

"एकदाच होतं ते. सांगितलं होतं मी."

"माझी जागा रिकामीच जाणार?"

केळुसकरांनी नजर वळवली. "नाही. माझं काम संपलंय, तर..."

यंत्राने तिसरा सांधा मारून बिट पुढे केलं. त्यांनी ते पुसलं.