दोन डहाळ्या

नाणेघाटातून भीमाशंकरापर्यंत डोंगरमाथ्यानं चालत जायचं, असं तेजस्विनी आणि सुप्रियानं ठरवलं होतं. पण दुर्गवाडीत सुप्रियाचा उजवा पाय मुरगळला, घोटा टम्म सुजला.

"तू हो पुढं. मी उद्या जीपनं आहुप्याला गाठते तुला," असं म्हणून ती मुक्कामाच्या घरी, मंगलवहिनींच्या ओट्यावर आडवी झाली. "आणि माझ्या वाटणीचंही चाल हं!"

चैत्र लागला होता. माळावरचं गवत वाळून पिवळंधमक झालेलं. करवंदीच्या पांढऱ्या फुलोऱ्याचा वास उन्हात तापला होता. कुसळं मोज्यांत घुसत होती.

खिंडीत पाल्याचा ढीग होता. माळ ओलांडणाऱ्यानं तिथं एक डहाळी टाकायची, ही इथली रीत. शेजारच्या झाडाखाली झुंबरबाई नावाची एक म्हातारी हिरडा वेचत होती. तेजस्विनीनं एक डहाळी टाकली, मग दुसरी. "ही सुप्रियाची."

"ती कुठंय गं?"

"दुर्गवाडीत. पाय मुरगळलाय."

म्हातारीचा हात पाटीतच राहिला. "ज्याची त्यानं टाकावी, बाय. नाव घेतलंस, आता तिला माळ चालावा लागंल."

"मग उचलते."

"टाकलेली उचलत न्हाईत. अन् चालणारं मधनंच परतलं तर जागा रिकामी ऱ्हाती. ती कोण भरंल, काय सांगावं?" मग बोळकं पसरून हसली. "शेरातली तुमी! सोबतीबिगर करमत न्हाई."

तेजस्विनीही हसली आणि निघाली.

अर्ध्या माळावर मागं गवत वाजू लागलं. एक पाऊल भरीव, एक फरफटतं. ती थांबली की तेही थांबे. पाठपिशवीचा पट्टा घासत असेल, म्हणून तिनं तो आवळला.

"तेजू, थांब की."

आवाज ओळखीचा होता. ती थांबली नाही. वाट कड्याला सोडून गावाकडं वळली, तशी ती जवळजवळ पळालीच.

आहुप्याच्या वेशीवर मोबाईलला रेंज आली. तिनं मंगलवहिनींना फोन लावला.

"ताई, बरं झालं! सुप्रियाताई दुपारधरनं उठंनात. लई हलवलं. अन् पायात ही कुसळं कुठली वो? ओट्यावरनं उतरल्या न्हाईत, तरी मोजं भरल्यात. झोपंत नुसतं 'तेजू, थांब की' चाललंय."

तेजस्विनीनं मागं पाहिलं.

वारा पडला होता. तरी गवतात एक रेघ उमटत होती. थोडी पुढं, मग अडखळे, मग पुढं. गावाकडं नव्हे. सरळ कड्याकडं.

"सुप्रिया!" ती जिवाच्या आकांतानं ओरडली. "माघारी फिर!"

रेघ थांबली.

फोनवर भांडं पडल्याचा आवाज झाला. "उठल्या! अगं बाई, उठल्या! पाणी मागत्यात."

तेजस्विनी मटकन दगडावर बसली. हसू आणि रडू एकदमच आलं. डोळे पुसून तिनं वर पाहिलं.

रेघ पुन्हा चालू लागली होती. कड्याकडं पाठ करून, तिच्या दिशेनं.

आता ती लंगडत नव्हती.