मातीच्या बैलाचा खांदा

विहंगच्या ताज्या काँक्रीटवर सोनिकाची तीन पावलं उमटली, आणि तिला त्याचं फारसं काही वाटलंही नाही. डोक्यावर मातीचं घमेलं असलं की माणूस तोल सांभाळेल की रस्ता बघेल?

“ओ मॅडम, रोड ओला हाय,” रस्त्याचं काम पाहणारा इंजिनीयर विहंग हेल्मेट मागे सारत म्हणाला. “बोर्ड लावला ना मी.”

“घमेल्याच्या वर लावायचा होता. मले मातीच दिसून राहिली होती.”

तो हसला. सोनिकाने नजर काढून घेतली... पण जरा सावकाशच.

रस्त्यालगतच्या बागेच्या फाटकाशी ती बैल घडवत होती. माणसाहून उंच. आत बांबूचा सांगाडा, वर काळी माती, भाताचं तणस आणि शेण. सिमेंट नाही, रंग नाही, एक खिळासुद्धा नाही. तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, पोरंसोरं आपापले लाकडी नंदी घेऊन त्याच्यापुढे येणार. मग वरचं छप्पर काढायचं, की पावसात तो हळूहळू विरघळणार आणि मातीत कालवलेल्या बियांचं गवत उगवणार. तिचं हे पहिलंच मोठं काम होतं. बागेच्या समितीने रोखठोक सांगितलं होतं, पोळ्यापर्यंत उभा राहिला तर दरवर्षी तुमचाच. पडला तर फायबरचा आणू.

विहंग रोज काम सुटलं की यायचा.

“वाळली का माती?”

“तुमचा रोड वाळला का?”

“माझा रोड पन्नास वर्षं हालत नाही, मॅडम.”

“माझा बैल एका पावसाळ्यात जाते. म्हणून तर लोक आताच पाहून घेतात.”

तो नुसता बघत बसायचा, बैलाकडे कमी आणि तिच्याकडे जास्त. तिलाही ते ठाऊक होतं, आवडतही होतं.

मग बैलाच्या खांद्याला भेग पडली. काळी माती वाळताना भेगाळणारच. सोनिका ओली पोती टाकून ती दमादमाने वाळवत होती. रविवारी ती घरी असताना विहंगने ती भेग पाहिली. भेग दिसली की बुजवायची, हा त्याचा धर्म. त्याने सिमेंट भरलं, वर हात फिरवून छान गुळगुळीत केलं. माती आकसत राहिली, सिमेंट काही आकसेना. सोमवारी सकाळी अख्खा खांदाच निखळून खाली आला होता.

“काहून केलं?” सोनिकाचा आवाज चढला नव्हता, म्हणूनच तो जास्त घाबरला.

“मले वाटलं... बैल पडला तर तुम्ही चालल्या जासान.”

तिने पडलेल्या मातीवर पाणी ओतलं. “चप्पल काढा.”

“मारता का?”

“माती तुडवा.”

दोघं चिखलात उतरली. पाय सटकला तसा त्याने तिचा हात धरला, आणि मग सोडायचं दोघांच्याही लक्षात राहिलं नाही.

“सिमेंटचा राग नाही आला,” ती म्हणाली. “माझ्या मातीवर तुमचा भरोसा नव्हता, त्याचा आला.”

“आता हाय.” तो खाली पाहत राहिला. “आन्... रोडावरचे तुमचे पाय मी बुजवले नाही. साहेब रोज ओरडून राहिले, तरी.”

तिने हात तसाच राहू दिला.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैल नव्या खांद्यासह ताठ उभा होता. समितीची माणसं येऊन, ठोकून बघून, मान डोलावून गेली. त्या खांद्यासाठी मातीची घमेली वाहून वाहून विहंगचा उजवा खांदा मात्र सुजला होता. सोनिकाने वाटीत हळद आणि लोणी कालवलं. पोळ्याच्या आदल्या दिवशी वर्षभर राबलेल्या बैलाचा खांदा मळून त्याला जेवायचं आवतन देतात, तसा तिने मातीच्या बैलाचा खांदा मळला.

मग वाटी घेऊन ती विहंगसमोर आली.

“आता तुमचा.”

“शर्टावरूनच?”

तिने पिवळी बोटं त्याच्या दुखऱ्या खांद्यावर हलकेच फिरवली आणि थेट त्याच्या डोळ्यांत पाहत म्हणाली, “आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.”

“कोणाच्या घरी?”

“आमच्या. महाल भागात. आई-बाबाले सांगून ठेवलं मी, खांदा पाडणाराच येऊन राहिला म्हणून.”

विहंगने शर्टावरच्या हळदीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. इतक्या दिवसांची ‘मॅडम’ कुठल्या कुठे गेली.

“येतो ना वं,” तो म्हणाला.