हलायचं नाही

"याला आता काचेच्या कपाटात ठेवा, शोभून दिसेल," असं म्हणत कॅमेऱ्याच्या दुकानदाराने ते लाकडी धूड माझ्याकडे परत सरकवलं. माझा चेहरा एवढासा झाला. बाहेर पाऊस भुरभुरत होता. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात बाबांचा जीव की प्राण... मी निघणार, तेवढ्यात घड्याळाचे सेल घ्यायला आलेला एकजण म्हणाला,

"एकदा चावी देऊन बघू? मला फक्त आवाज ऐकायचाय."

त्याने चावी दिली आणि चक्क कॅमेऱ्याला कान लावला.

"डॉक्टर आहात का?" मी जरा तिरसटपणेच विचारलं.

"घड्याळं दुरुस्त करतो. हासुद्धा आतून घड्याळच आहे. दम लागलाय बिचाऱ्याला. दमलेल्या माणसाला कोणी कपाटात ठेवतं का?"

मला हसू आलं. त्या दिवसातलं ते माझं पहिलं हसू.

तो कॅमेरा साधासुधा नव्हताच. तीन पायांच्या तिकाटण्यावर बसवायचा, चावी द्यायची आणि खटका दाबायचा. मग तो स्वतःच डावीकडून उजवीकडे सावकाश वळत जाई, आत फिल्म सरकत राही आणि अर्धगोलात उभी असलेली अख्खी शाळा एका लांबलचक फोटोत मावे. बाबा शाळेचे फोटोग्राफर आणि आई तिथेच गणिताची बाई. दरवर्षीच्या फोटोत आई उजव्या टोकाला हसत उभी असे. बाबा मात्र एकाही फोटोत नाहीत, कारण ते कॅमेऱ्यामागे. आता शाळा बंद होणार होती. निरोपाला जुने-नवे सगळे जमणार होते. तो शेवटचा फोटो याच कॅमेऱ्याने निघावा आणि त्यात एकदा तरी बाबा आईच्या शेजारी असावेत, एवढंच मला हवं होतं. पण कॅमेरा वळताना अडखळायचा आणि जिथे अडखळे तिथे फोटोवर उभे पांढरे पट्टे येत.

"फोटोत उभं राहायला माझी ना नाही," बाबा म्हणायचे, "पण खटका मीच दाबणार." आणि गुडघ्याच्या ऑपरेशननंतर ते काठी टेकत चालत होते. खटका दाबून आईपर्यंत पोहोचणार कधी?

घड्याळवाल्याचं दुकान जिन्याखालच्या खोलीत होतं. भिंतभर घड्याळं आणि प्रत्येकाची वेळ वेगळी.

"यातली खरी वेळ कुठली?" मी विचारलं.

"तुम्ही येता ती."

"हे सगळ्या गिऱ्हाइकांना ऐकवता?"

"बाकीची गिऱ्हाइकं वेळेवर येतात. तुम्ही वेळेआधी येता."

खोटं थोडंच होतं ते?

त्याने आतलं चाकन् चाक सुटं केलं, वाळून चिकट झालेलं तेल पुसून काढलं, एक झिजलेली खुंटी नवी घडवली. मग दुकानाच्या दारातून गल्लीचा फोटो काढून पाहिला. लांब पट्टीवर गल्ली स्वच्छ उमटली होती, एकही पांढरा पट्टा नाही. फक्त डाव्या कडेला भलामोठा अंगठा आला होता आणि उजव्या कडेला छत्री सावरत येणारी मी.

"हा अंगठा कोणाचा?"

"माझा. एवढं रुंद बघणारा कॅमेरा कधी हाताळला नव्हता..." तो ओशाळला. "सही समजा."

"आणि मी?"

"तुम्ही आपणहून आलात," तो म्हणाला आणि उगाचच एका घड्याळाला चावी देऊ लागला.

कॅमेरा न्यायला बाबाही आले. काहीतरी निमित्त काढून त्याने त्यांना दोन-तीनदा दारापासून टेबलापर्यंत चालायला लावलं. बाबा वैतागले. मलाही तो प्रकार कळेना.

निरोपाच्या दिवशी पटांगणात सगळे अर्धगोलात उभे राहिले. उजव्या टोकाला आई, तिच्याजवळ एक मोकळी जागा, मग मी. घड्याळवाल्याला बाबांनी पार डाव्या टोकाला पाठवलं. बाबांनी चावी दिली, एकदा रिकामाच फिरवून कान देऊन ऐकलं आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"हा हळू फिरतोय. का रे?"

"तुमच्या चालीवर लावलाय," तो डावीकडून म्हणाला. "उजेड जास्त पडेल, तेवढं भिंगाचं तोंड बारीक करा. आणि लोकांना सांगा, हलायचं नाही."

बाबा भिंगापाशी जरा जास्तच वेळ वाकून राहिले. मग त्यांनी हुकूम सोडला, खटका दाबला आणि काठी टेकत आईकडे निघाले. माझे डोळे भरून आले... आयुष्यात कोणाचे इतके उपकार वाटले नव्हते. बाबा पोहोचले, आईच्या शेजारी वळून उभे राहिले. कॅमेरा अजून निम्म्यातच होता.

आणि धावत्या पावलांचा आवाज आला. डाव्या टोकाला घड्याळवाल्याचा फोटो निघून झाला होता. तो कॅमेऱ्याच्या पाठीमागून वळसा घालून आला आणि माझ्या पलीकडे धापा टाकत उभा राहिला.

"ही शाळेतल्या पोरांची लबाडी आहे," मी ओठ न हलवता पुटपुटले.

"माहितेय... ऐक ना. मला तुझ्या शेजारी उभं राहायचंय. या फोटोत... आणि नंतरही." भिंग आईवरून बाबांकडे सरकत होतं. "आत्ता काही बोलू नकोस. हलायचं नाहीये."

आठवड्याने बाबांनी तो लांब फोटो टेबलावर पसरला आणि नेहमीसारखी बहिर्गोल काच घेऊन चेहरा न् चेहरा तपासू लागले. डाव्या टोकाला भांग पाडलेला घड्याळवाला. उजव्या टोकाला तोच, केस विस्कटलेला. आई भिंगाकडे न बघता बाबांकडे बघत होती. तिथे बाबांची काच बराच वेळ थांबली. मग पुढे सरकली.

"एवढ्या माणसांत तू एकटी हललीस," ते म्हणाले. "तोंडही उघडं आहे. काय बोलत होतीस?"

"हो म्हणत होते."

"कोणाला?"

मी फोटोच्या उजव्या टोकावर बोट ठेवलं. हललेल्या फोटोवरून एरवी घर डोक्यावर घेणारे बाबा त्या बोटाकडे बघत राहिले. मग त्यांनी काच पुसली आणि खिशात ठेवली.

"त्याला सांग," ते म्हणाले, "वेग अगदी बरोबर लावला होता."