आक्का हे म्हणणार नाही

हसा, हसा. ही गोष्ट सांगायला लागले की आधी सगळेच हसतात. फक्त तो दिवा मालवू नका. राहू द्या.

मी सिनेमाचा आवाज जुळवते. पडद्यावर दार करकरतं ना, ते मी करकरवते. त्या दिवशी दुपारी डबा उघडून पहिला घास घेणार, तेवढ्यात निर्मात्याचा फोन आला. म्हणाला, "ताई, खालच्या खोलीत आक्कांच्या जुन्या आवाजाची डिस्क असेल, तेवढी काढून ठेवा. पाचव्या भागात लागणार आहे."

घास तसाच राहिला.

आक्का म्हणजे 'वरच्या मजल्यावरची'चा आवाज. भयपटांची टिंगल करणारा तो सिनेमा तुम्ही पाहिलाच असेल. पहिल्या भागात खालच्या घरातली माणसं भुताच्या भीतीने किंचाळत असतात. दारावर थाप पडते, आणि बाहेरून एक थंडगार, दमलेला आवाज येतो, "जरा हळू ओरडता का? वर माणसं मेलेली आहेत." थिएटर आधी गारठायचं आणि मग हसून कोसळायचं. आक्का म्हणायची, "पोरी, भूत स्वतः हसलं की संपलं. त्याने मनापासून मेलेलं असायला हवं."

ते कोणाच्या डोक्यात शिरलं नाही. दुसऱ्या भागात भुताचं लग्न लावलं. तिसऱ्यात भूत समुद्रावर पोहायला गेलं. आधी दुधात पाणी होतं, मग पाण्यात दूध झालं. तरी तिसऱ्या भागापर्यंत आक्का एकेका वाक्यासाठी भांडायची. कागद माझ्यापुढे आपटून म्हणायची, "पाणचट! बदलून आणा, नाहीतर मी निघाले." आणि लेखक ते निमूट बदलून आणायचे. मग आक्का गेली. चौथा भाग एका नकला करणाऱ्या बाईकडून उरकला, तो आठवड्यात उतरला.

हॉस्पिटलात शेवटी तिच्या घशातून नीट आवाजही निघत नव्हता. तरी माझं मनगट धरून म्हणाली होती, "माझ्या आवाजाला असलं काही बोलायला लावू नकोस. चांगलं लिहिलं तर खुशाल वापर. नाहीतर... माझ्याबरोबर जाऊ दे त्याला. शब्द दे." मी दिला होता.

म्हणून फोनवर मी विचारलं, "वाक्य काय आहे?"

तो खूश होऊन म्हणाला, "ऐका हं. भुताचं पोट बिघडलेलं असतं. ती दारात येते आणि म्हणते, आधी प्राण सोडला, आता वायू सोडते!" आणि स्वतःच खो खो हसला.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी म्हटलं, "आक्का हे म्हणणार नाही."

"म्हणेल हो. जुने शब्द इथून तिथून उचलून जोडायचे. तुम्हाला जमत नसेल तर दुसरा कोणी जोडेल."

दुसरा कोणी जोडेल! एवढ्या वर्षांच्या कामाची ही किंमत. चिपाडातून रस काढायला निघालेत आणि वर मलाच शहाणपण शिकवतात. चरफडत मी जिना उतरले, डिस्क शोधली आणि माझ्या खोलीत येऊन बसले.

त्या खोलीला खिडकी नाही. भिंतींना जाड कापड, जमिनीवर जुना गालिचा. बाहेर भर दुपारचं ऊन असलं तरी आत कायम रात्रच असते. दार लावलं की स्वतःचा श्वास ऐकू येतो. मी हेडफोन चढवले आणि पहिल्या भागाचा आवाज लावला. वाटलं, कोणाच्या हाती देण्याआधी एकदा ऐकून घेऊ.

"जरा हळू ओरडता का..." तीच ती. डोळे भरून आले हो. मग दोन टेकच्या मधली खुडबुड. कागद उलटल्याचा आवाज. आक्काने घसा खाकरला. ती बोलताना तोंडात नेहमी लवंग धरायची, आणि मला एकदम लवंगेचा वास आला. मनात म्हटलं, आठवणीने वास येतोच माणसाला.

मग अगदी कानाशी, दबक्या आवाजात आक्का म्हणाली, "हे काय लिहिलंय...? आधी प्राण सोडला... आता वायू... शी! हे कोणी लिहिलं गं पोरी?"

हा आवाज पहिल्या भागाचा. आणि ते वाक्य त्या निर्मात्याच्या सुपीक डोक्यातून नुकतंच निघालेलं.

मागे नेऊन पुन्हा लावलं. तेच वाक्य, तोच "शी". फक्त या खेपेला पुढे आणखी थोडं होतं. "मी नाही म्हणणार. तू सांग त्यांना... तू शब्द दिलायस."

अंगावर सर्रकन काटा आला. पण खरं सांगू? भीतीपेक्षा संताप जास्त होता. बिचारी मेली तरी तिला निवांत पडू देत नाहीत! मी मोठ्याने म्हटलं, "आक्का, तुम्ही काळजी करू नका." आणि ती डिस्क पुसून टाकली. एकूण एक शब्द, एकूण एक श्वास. दुसरी प्रत नव्हती, हे मला पक्कं ठाऊक होतं. निर्मात्याला सांगितलं, डिस्क बिघडली.

तो चिडेल असं वाटलं होतं. तो कसला चिडतोय! म्हणाला, "जाऊ द्या, मग त्या नकलाकार बाईला बोलावतो. पब्लिकला काय कळतंय!"

दुसऱ्या दिवशी दुपारी ती बाई आली. दोन मुलांची आई, सरळ स्वभावाची. काचेपलीकडच्या रेकॉर्डिंगच्या खोलीत माइकसमोर उभी राहिली, हातात कागद. "ताई, मलाही लाज वाटते हो हे म्हणायची," ती म्हणाली, "पण घर चालवायचंय." मला तिची कीव आली. निर्माता माझ्या पाठीमागे खुर्चीत फोन चाळत बसला होता. मी हेडफोन चढवले, त्याच्यासाठी स्पीकर लावला, खूण केली आणि रेकॉर्डिंग सुरू केलं.

"आधी प्राण सोडला... आता वायू सोडते."

निर्माता ताडकन उठला. "वा! अगदी आक्का! हाच तर हवा होता!"

मी काचेतून पाहत होते. ती बाई हलली नव्हती. तिचे ओठ घट्ट मिटलेले होते, आणि ती माझ्याकडे पाहत हळूहळू मान हलवत होती. नाही... नाही...

मग कसंबसं तोंड उघडून म्हणाली, "ताई, मी अजून बोललेच नाही..."

निर्मात्याला त्याचं काय! "पुढच्या भागालाही हाच आवाज," असं कोणाला तरी फोनवर ओरडून सांगत तो बाहेर गेला. बाई कागद टाकून पळाली. खोलीत मी एकटी. हेडफोन काढायला हात वर केले, पण हेडफोन जागचे हलेनात. रेकॉर्डिंग चालूच होतं. काचेपलीकडे माइकसमोर कोणी नव्हतं.

हेडफोनमध्ये आक्का होती. त्या वाक्यासाठी ती भांडली नव्हती, शी म्हणाली नव्हती. शाळेत उभं केलेल्या पोरीसारखं तिने ते घडाघडा म्हणून टाकलं होतं, आणि आता धाप लागल्यासारखी श्वास घेत होती.

मी हळूच म्हटलं, "आक्का... मी पुसलं होतं हो सगळं. मला वाटलं, तुम्ही सुटलात..."

तिला माझं ऐकू गेलं नाही. ती दुसऱ्याच कोणाशी तरी बोलत होती. अगदी विनवणीच्या सुरात, घाईघाईने.

"म्हणते... परत म्हणते. सहाव्यातलंही म्हणते. पण आधी माझा हात सोडा."