नऊ नंबरचं दूध

“अकराजण खेळतात आणि पोटात कळ एकट्या नऊ नंबरलाच कशी येते? आणि ती पण दर वर्षी, नेमकी फायनललाच?” विमला एवढ्या जोरात ओरडली की अण्णाच्या हातातली करवंदं खाली सांडली.

“हळू की!” तिचा दोस्त बापूसो म्हणाला. “तालीम समोरच हाय.”

“असू दे! ऐकू दे त्यांना!”

विमलाला राग यायला कारणही तसंच होतं. शिवाजी पेठेतल्या त्यांच्या तालमीच्या फुटबॉल संघाचा नऊ नंबर म्हणजे काही साधासुधा शर्ट नव्हता. बारा वर्षांपूर्वी, एकोणपन्नास साली आकाराम नावाच्या गड्याने तो घालून फायनलमध्ये तीन गोल ठोकले होते. झालं! तेव्हापासून तो शर्ट घालणाऱ्याने गोल मारलाच पाहिजे, नाहीतर पेठेत तोंड दाखवायची सोय नाही. गेल्या वर्षी विमलाचा थोरला भाऊ नृसिंह तो शर्ट घालून खेळला आणि आधीच्या नऊ नंबरांसारखाच दुसऱ्या हाफमध्ये पोट धरून खाली बसला. तालमीचे वस्ताद तात्यासाहेब भर मैदानात गरजले, “भित्रं हाय पोरगं! नंबरला बट्टा लावला!” या वर्षी आधीच्या सामन्यांत त्याने चार गोल मारले, म्हणून शर्ट अजून अंगावर होता. पण उद्याच्या फायनलला पुन्हा बसला, तर तो कायमचा जाणार होता.

“नऊ नंबर असं काय करतो, जे दहा नंबर करत नाही?” अण्णाने विचारलं. तो तिघांत लहान, पण प्रश्न असे विचारायचा!

विमला ताडकन उठली. “दूध!”

फायनलच्या आधी तासभर पाच घरांतून धारोष्ण दुधाच्या पाच लोट्या तालमीत यायच्या आणि नऊ नंबरने त्या सगळ्यांदेखत संपवायच्या. आकाराम प्यायला होता म्हणे, मग पुढच्यांनीही प्यायचं!

विमला तडक वस्तादांपुढे जाऊन उभी राहिली. “वस्ताद, एवढं दूध पिऊन पळता येतं का कुणाला?”

“आकारामनं पिऊनच तीन गोल मारलं! आता पोरींनी आमास्नी फुटबॉल शिकवायचा व्हय? चल, पळ घरला!”

विमला पाय आपटत परत आली. रागाने तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

“मग त्या आकारामलाच विचारूया,” बापूसो म्हणाला. “हातकणंगल्याला स्टेशनसमोर सायकलीचं दुकान हाय त्याचं. माझ्या मामाची सायकल तोच नीट करतो.”

दुपारच्या गाडीने तिघं हातकणंगल्याला उतरली. आकाराम चाक फिरवत बसला होता.

“या पावणं! पंक्चर व्हय?”

“पंक्चर नाही,” विमला म्हणाली. “खरं सांगा, फायनलला तुम्ही पाच लोट्या दूध प्यालता का?”

आकाराम खदखदून हसला. “छ्या! एक घोट घेतला आन् बाकीचं मागल्या दारी रेडकाला पाजलं! भरल्या पोटानं कोण पळतंय?”

“मग हे कुणाला सांगितलं का नाही?”

“लोकं कौतुक करत हुती. बरं वाटायचं.”

“बरं वाटायचं?” विमला कडाडली. “तुम्हाला बरं वाटावं म्हणून माझा दादा वर्षभर शिव्या खातोय! लाज नाही वाटत?”

बापूसोने घाबरून तिचा हात ओढला. पण आकारामचं हसू पार मावळलं होतं. “येतो म्या उद्या,” एवढंच तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तीन वाजता तालमीच्या दारात पाच लोट्या मांडल्या होत्या. नृसिंहचा चेहरा पांढराफटक पडला होता. आकाराम आला आणि त्याने सगळ्यांसमोर सगळं सांगून टाकलं, अगदी रेडकासकट!

“खोटं!” वस्ताद ओरडले. “ह्या पोरीनं पढवलंय त्याला!”

ते असं म्हणणार हे मुलांना ठाऊकच होतं.

“वस्ताद,” बापूसो साळसूदपणे म्हणाला, “तुम्ही रोज मैदानाला दहा फेऱ्या मारता न्हवं?”

“मारतोच! अजून मारतो!”

“मग आज ह्या लोट्या पिऊन मारा की!”

“का, भ्यालात?” विमलाने विचारलं.

हा शब्द वस्तादांना झोंबला. त्यांनी पाचही लोट्या घटाघटा रिकाम्या केल्या! अण्णाने एकेका लोटीत डोकावून पाहिलं, थेंबभरही दूध नव्हतं. म्हशींच्या धारा तर कधीच काढून झाल्या होत्या. विमलाला हेच हवं होतं. वस्ताद पळोत न पळोत, दादाच्या वाट्याला दूध उरता कामा नये!

सगळी मैदानावर आली. पहिली फेरी झोकात झाली. दुसरीत वस्ताद घामाघूम झाले. तिसरीत ते पोट धरून मटकन खाली बसले.

“वस्ताद भित्रं हाय!” अण्णा ओरडला.

“नाही रे,” विमला मोठ्याने म्हणाली. “पोटात कळ आलीय त्यांच्या. दादासारखीच.”

कुणीच हसलं नाही. माणसं एकमेकांकडे बघायला लागली.

त्या दिवशी नृसिंह शेवटपर्यंत धावला. पाच मिनिटं उरली होती, बॉल त्याच्या पायात होता. “मार, नऊ नंबर, तूच मार!” सगळं मैदान ओरडत होतं. समोरच्या संघाचे दोघे अंगावर आले तसा त्याने शांतपणे बॉल सात नंबरला दिला. गोऽऽल! एक-शून्य!

संध्याकाळी तात्यासाहेब पेढे घेऊन विमलाच्या दारात आले. “शाब्बास पोरी! आमच्या म्हाताऱ्यांच्या डोक्यात उजेड पाडलास!”

“पेढे नकोत मला. दादाला भित्रा म्हणालात ते अख्ख्या पेठेने ऐकलं होतं. आता चुकलो म्हणा.”

“विमले!” तिची आई धोंडुबाई आतून ओरडली. “मोठ्यांशी असं बोलतात?”

वस्ताद खाली बघत पुटपुटले, “चुकलो.”

“ऐकू नाही आलं.”

वस्तादांनी रस्त्याकडे तोंड वळवलं आणि छाती भरून श्वास घेतला. “चुकलो रं नृसिंहा! तू भित्रा न्हाईस, मीच अडाणी!”

समोरच्या माडीवरच्या खिडक्या धडाधड उघडल्या. विमलाने हात पुढे केला.

“आता द्या पेढा.”