जिन्याकडची खोली

बीडची गुप्तहेर प्रणिता तपासाला निघाली की लखन सोबत असायचाच. त्याचं लक्ष मात्र पुराव्यापेक्षा ताटावर. तेलगावात सिद्धारामच्या घरी त्याची बायको गंगासागर हिनं नव्या कुरडया तळून वाढल्या आणि लखननं बघता बघता चार संपवल्या.

सिद्धारामनं ताट बाजूला सारलं. तो रेशमाच्या अळ्या वाढवायचा. शेजारी शेजारी दोन खोल्या, माप सारखं, एसी सारखेच. तरी जिन्याकडच्या खोलीतल्या अळ्या उष्म्यानं मेल्या होत्या.

"जाकीरनं जुनं मशीन गळ्यात मारलं. उद्या चावडीवर उभाच करतो त्याला," सिद्धाराम म्हणाला.

एसी बसवणाऱ्या जाकीर मेकॅनिकचा चेहरा पडलेला होता. "ताई, भिंती, अळ्या, माणसं, वरचं ऊन, समद्याची गरमी धरून दोनी खोल्यांचा अंदाज काढलता. गच्चीवर सावलीची हिरवी जाळी हाय, म्हणून दीड टन बास. मशीनं अदलाबदल करून बी पाह्यली, तरी तीच खोली तापती. सांजच्याला येतो तवा समदं ठीक. चावडीवर नाव गेलं तर मला कोण काम देईल?"

अळ्यांना पाला घालणाऱ्या नबीला प्रणितानं दाराबद्दल विचारलं.

"दार रोज बंदच असतंय. दुपारीच तापती खोली. परवा आभाळ आलतं, तवा न्हाई तापली."

"मी तर तिकडं फिरकत बी न्हाई," गंगासागर म्हणाली. "किड्यांची शिसारी येती मला."

गच्चीवर जाळी जागच्या जागी होती. जिन्याकडच्या गाठी तेवढ्या सैल, ओढताच सुटणाऱ्या, बाकीच्या आवळलेल्या.

"जाकीरचंच काम," लखन पुटपुटला.

प्रणितानं सगळ्यांना गच्चीवर बोलावलं.

"मशीन बदलूनही तीच खोली तापते, म्हणजे मशीनचा दोष नाही. दार उघडं राहिलं असतं, तर ढगाळ दिवशीही थोडी तापलीच असती. उरलं वरचं ऊन. जाळी रोज सोडली जाते, तीही जिना चढताच हाताशी येणारी. वहिनी, सावलीत कुरडया वाळतात का?"

गंगासागरनं पदराचं टोक मुठीत धरलं. "सावलीत आंबत्यात. दुपारी जाळी सोडायची, सांजच्याला परत बांधायची. खाली काय व्हतंय, ते मला कुठं ठावं."

सिद्धारामला लाज वाटली. तो जाकीरकडं वळला. "चुकलं, जाकीरभाई. उद्या चावडीवर मी उभा राहतो आन् समद्यांदेखत सांगतो."

"मग मी बी येतो," जाकीर म्हणाला. "येताना थोड्या कुरडया आणा, वहिनी. माझ्या अंदाजात तेवढ्याच धरायच्या राह्यल्या."

लखननं मात्र ओठाला चिकटलेला कुरडईचा तुकडा पुसला. पुरावा त्यानं सगळ्यात आधी पाहिला होता, आणि खाल्लाही होता.