ग्लासावरची बशी

ही गोष्ट खरी आहे.

शपथबिपथ घेत नाही. पण ज्याच्या बाबतीत ती घडली तो माझा सख्खा मामा आहे, आणि त्याच्या नावावर काही खोटंनाटं खपवलं तर आई मला घरात घेणार नाही.

शिवाय मामा भुताखेतांच्या नादी लागणारा माणूस नव्हे. खिडकी उघडून बघितल्याशिवाय तो सकाळ झाली असंसुद्धा म्हणणार नाही. प्रत्येक गोष्टीची खात्री करून घ्यायची, हा त्याचा स्वभाव.

तोच त्याला नडला.

मामा दारूच्या कारखान्यात आहे. वेगवेगळ्या पिंपांतली व्हिस्की हुंगायची, चाखायची आणि कोणती कशात मिसळायची ते ठरवायचं, हे त्याचं काम. लोक म्हणतात, मजा आहे बुवा! मजा कसली? दिवसभर चाखायचं आणि थुंकायचं. नाक जपायचं म्हणून घरात अत्तर नाही, पावडर नाही, वासाचा साबण नाही. आम्ही सगळे त्याला नाकोबा म्हणतो.

मामीला अत्तराची फार हौस होती. लग्न झालं आणि तिने ती सोडून दिली. कधी कुरकुर केली नाही.

ती घरीच कपडे शिवायची. त्यामुळे तिच्या अंगाला एकच वास असायचा. गरम इस्त्री फिरवलेल्या सुती कापडाचा, आणि त्यात थोडा शिलाई मशीनच्या तेलाचा.

कारखान्याच्या मागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर त्यांचं घर. रोज दिवे लागले की दोघांचा एक खेळ चालायचा. मामा टेबलावर तीन ग्लास मांडायचा. कधी तीन व्हिस्की, कधी त्यात एखादी रम किंवा ब्रँडी. वास उडू नये म्हणून प्रत्येक ग्लासावर एक बशी झाकायची. मग तो आत हात धुवायला जायचा. तेवढ्यात मामीने तिन्ही ग्लास हुंगायचे आणि ज्यात काही खोट वाटेल, त्याच्यावरची बशी काढून बाजूला ठेवायची.

मामी थेंबभरही प्यायची नाही. पण नाक असं, की मामासुद्धा तिच्यापुढे कान पकडायचा.

"ही म्हणजे नुसती जळकी दोरी," ती म्हणायची. "धूर आहे, पण ऊब नाही."

"आणि ही?"

"ही चांगल्या घरची आहे. कुणीतरी लाकडी पेटीत मनुका ठेवल्या आणि विसरून गेलं, तशी."

"आणि रम?"

"रम म्हणजे तुमचा धाकटा भाऊ. येण्याआधी जिन्यातून आवाज."

मामा खो खो हसायचा. मग एक ग्लास हातात धरून तासभर पुरवायचा, आणि ती समोर बसून कुणाच्या तरी सदऱ्याला बटणं लावायची. एवढंच त्यांचं सुख होतं.

फक्त एकदा ते बिनसलं. लग्नाच्या पहिल्याच वर्षी.

कारखान्यात नवीन माणसाला पारखायची एक युक्ती असते. तिन्ही ग्लासांत एकच व्हिस्की ओतायची. थापा मारणारा लगेच पकडला जातो. मामाने तीच युक्ती मामीवर केली. हात धुऊन परत आला, तर तिन्ही ग्लास उघडे. बश्या धुऊन, पुसून, एकावर एक फळीवर ठेवलेल्या. मामी मशीनवर पाठमोरी बसलेली.

"तिन्ही एकच आहेत," ती म्हणाली. "अहो, परीक्षा परक्याची घ्यावी. घरच्या माणसाची नाही."

त्या संध्याकाळी ती समोर येऊन बसली नाही. पुन्हा असं करणार नाही, असं मामाने तिला वचन दिलं.

गेल्या पावसाळ्यानंतर मामी तापाने गेली. साधा ताप म्हणता म्हणता गेली.

दुसऱ्या दिवशी गॅसवर दूध करपलं. घरभर धूर झाला, शेजारी दार वाजवायला लागले... आणि मामा गॅसजवळच्याच खुर्चीत डोळे मिटून बसला होता.

त्याला वासच येत नव्हता.

डॉक्टर म्हणाले, नाकात काही दोष नाही. मग वास का येत नाही? ते त्यांनाही सांगता येईना. मामाने कारखान्यात कुणाला कळू दिलं नाही. ज्याचं पोट नाकावर, त्याने नाक गेलं म्हणून कुठे सांगायचं? तो नमुने घरी आणायला लागला. घरी तरी काय दिवे लावणार होता? पण संध्याकाळी हाताला सवय होती. त्याने तीन ग्लास मांडले, बश्या झाकल्या आणि आत हात धुवायला गेला.

नळ बंद केला...

टिण्.

काचेला चिनीमाती लागल्यासारखा आवाज.

तो बाहेर आला. खोलीत कुणी नव्हतं. मधल्या ग्लासावरची बशी मात्र बाजूला काढून ठेवलेली होती.

दुसऱ्या दिवशी त्याने मधला नमुना खराब म्हणून सांगितलं. कारखान्यातल्या मदतनिसाने ते पिंप उघडून पाहिलं. बूच आतून बुरसलेलं होतं.

त्यानंतर हे रोज व्हायला लागलं. तो हात धुवायला जायचा... आणि टिण्. कधी समोरची खुर्ची थोडी मागे सरकलेली असायची. ज्या दिवशी नमुन्यांत खोट नसे, त्या दिवशी बश्या जागच्या जागी.

मामा घाबरला नाही. उलट कामावरून पळत घरी येऊ लागला. रिकाम्या खुर्चीसमोर बसून दिवसभराच्या गमती सांगू लागला. त्याला जेवण जाऊ लागलं. आई त्याच्याकडे राहायला गेली, तेव्हा त्याने तिला सगळं सांगितलं.

"ताई, ती येते."

आई घाबरली. भुताला नव्हे, भावाला काही होईल या भीतीने.

"नाकोबा, अरे तूच काढत असशील ती बशी. दुःखात माणसाला भान राहत नाही."

"मी आत असतो गं."

"तुला नक्की माहीत आहे? तूच म्हणतोस ना, खात्री केल्याशिवाय बोलू नये?"

झालं. किडा डोक्यात शिरला.

दोन-तीन संध्याकाळी त्याने स्वतःला आवरलं. मग एका संध्याकाळी, आई बाजारात गेलेली असताना, त्याने एकच बाटली घेतली आणि तिन्ही ग्लास त्याच व्हिस्कीने भरले. वर बश्या झाकल्या. वचन त्याला आठवत होतं. पण एकदाच खात्री झाली की पुन्हा कधी नाही, असं त्याने मनाला समजावलं.

तो आत गेला. नळ सोडला. नळ बंद केला...

टिण्.

...टिण्.

...टिण्.

मग बराच वेळ काहीच नाही.

तो बाहेर आला. तिन्ही ग्लास उघडे. बश्या फळीवर, एकावर एक. धुतलेल्या. खालच्या बशीच्या कडेला पाण्याचा थेंब अजून लोंबत होता.

आणि त्याच क्षणी त्याला वास आला.

आधी व्हिस्कीचा. लाकूड, मध, थोडा धूर. इतक्या महिन्यांनी! तो आनंदाने ओरडणार होता...

तेवढ्यात त्याखालचा दुसरा वास आला. गरम इस्त्रीच्या सुती कापडाचा. मशीनच्या तेलाचा.

तो ताजा नव्हता. खोलीत मुरलेला होता. पडद्यात, खुर्चीच्या गादीत, टेबलाच्या लाकडात. म्हणजे इतके महिने ती इथेच, हाताच्या अंतरावर बसत होती, आणि त्याला ते कळतच नव्हतं.

मग तो वास दाराकडे सरकला.

मामा मागे धावला. दार उघडलं, जिना उतरला. पहिल्या मजल्यावर वास विरळ झाला. खाली नुसता फिनेलचा वास होता.

आई बाजारातून आली तेव्हा तो शेवटच्या पायरीवर बसून लहान मुलासारखा रडत होता.

"ताई, मी तिची परीक्षा घेतली गं," एवढंच म्हणत होता.

मामाचं नाक आता पूर्वीसारखं आहे. उलट जास्तच तिखट झालंय. मशीन आईने गरजू बाईला देऊन टाकली. पण मामा अजून रोज संध्याकाळी तीन वेगळ्या व्हिस्की ओततो, बश्या झाकतो आणि आत जाऊन बराच वेळ नळ सोडून उभा राहतो.

बश्या हलत नाहीत.

परवा मी त्याच्याकडे गेले होते. तो आत गेला. मी टेबलाशी एकटीच बसले होते...

आणि मला वास आला.

गरम सुती कापडाचा, तेलाचा. अगदी समोरच्या खुर्चीतून. घरात इस्त्री चालू नव्हती.

बश्या जागच्या जागीच होत्या.

मामा हात पुसत बाहेर आला. खुर्चीजवळ वाकून त्याने दीर्घ श्वास घेतला. पिंपन् पिंप ओळखणारं ते नाक.

"काहीच नाही," तो म्हणाला आणि बसला.

वास अजून तसाच येत होता. मला.

मी त्याला सांगितलं नाही. बरोबर केलं की चूक, ते मला अजून कळत नाही, आणि त्या दिवसापासून मला धड झोप नाही.

पण मी सांगितलं असतं, तर त्याने खात्री करून घेतली असती.